पुण्यात फॅमिली कार घ्यायची आहे : सुरक्षित, मागे तिघं नीट बसतील अशी. शोरूमवाल्यांशी कसं बोलावं तेही सांगा

आंब्याची_डाळ

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचक असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही धायरीत राहतो. घरात मी, नवरा, साडेतीन वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सध्याची हॅचबॅक एसी लावला की चढावर मान टाकते, आणि तिला एकही एअरबॅग नाही. नवले पुलाचा उतार आमच्या रोजच्या वाटेवरचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अपघातात चाळीसहून जास्त गाड्या चेपल्या, तेव्हापासून घरात नव्या गाडीचा विषय निघतो आणि हप्त्याच्या आकड्यापाशी येऊन थांबतो. यंदा घ्यायचीच असं ठरलंय.

बजेट ऑन-रोड (कर, विमा सगळं धरून) बारा लाख, फार ताणलं तर तेरा. पेट्रोल. नवरा रोज बाणेरला जातो-येतो, शिवाय महिन्याकाठी एखादी फेरी कराडला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा चढता-उतरता आलं पाहिजे. यादीत नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक आणि नवी डिझायर. सुरक्षेच्या चाचणीत चारही पाच स्टारवाल्या, मग निवडायचं कशावर? नवऱ्याचं उत्तर तयार आहे: सनरूफ.

शोरूमचा अनुभव अजून तरी धन्य. एकाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने एक आकडा लिहिला आणि म्हणाला, "हे ऑल इन्क्लुझिव्ह, मॅडम." आत काय काय आहे विचारलं तर चहा मागवला.

पेठेतला_एक

धायरीत राहता ना? मग गाडीच्या आधी फाट्यावरून बाहेर पडायला रस्ता घ्या.

दिवे घ्या हो, म्हणजे हलकंच घ्या. वाचतोय, मलाही घ्यायची आहे.

गियरबदल

नेक्सॉन. डोळे झाकून. संपला धागा.

वेताळबाबा

@गियरबदल, डोळे झाकून गाडी घेणारेच पुढे डोळे झाकून चालवतात. :)

डाळताई, 'कशावर निवडायचं' हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, कारण पाच स्टार म्हणजे नक्की काय हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. मी या क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाड्या आदळवून सुरक्षेचे स्टार देणारी आपली सरकारी योजना म्हणजे भारत एनकॅप. ती १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, कारभार आपल्या भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेतून चालतो. गाडी ताशी ६४ किमी वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवतात, तीही पूर्ण तोंडाने नाही तर एका बाजूने. मग बाजूने ५० च्या वेगाने धडक आणि खांबाची चाचणी २९ च्या वेगाने. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ गुण, मुलांच्या सुरक्षेला ४९. पाच स्टारला मोठ्यांत किमान २७ आणि मुलांत किमान ४१ लागतात. दोन्हींचे स्टार वेगळे असतात आणि जाहिरातीत जो आकडा मोठा तो मोठ्या अक्षरात येतो. उदाहरणार्थ, नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने (अशाच चाचण्या घेणारी परदेशी संस्था) मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार दिले होते. चार वाईट नाहीत, पण तुमच्या घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, तेव्हा अहवालाचं मुलांचं पान आधी उघडा.

आता खरी गोष्ट. समोरच्या धडकेच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या डमी दोन असतात, दोघीही पुढच्या सीटवर. मागे बसवतात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या डमी, चाइल्ड सीटमध्ये नीट बांधून. म्हणजे मागे बसणाऱ्या सासूबाईंबद्दल तो स्टार थेट काहीच सांगत नाही. तुमच्या लेकीबद्दल सांगतो, पण ती चाइल्ड सीटमध्ये असेल तरच. आजीच्या मांडीवरच्या नातीला शून्य स्टार, मग गाडी कुठलीही असो.

तुमच्या यादीतल्या चारही गाड्यांना खालच्या व्हेरियंटपासून सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) आहे. तेव्हा वरच्या व्हेरियंटला जे पैसे जातात ते बहुतेक स्क्रीन, अलॉय आणि सनरूफचे. मधलं व्हेरियंट घ्या, उरलेल्या पैशात आयसोफिक्सची (गाडीतल्या हुकांना थेट अडकणारी) उत्तम चाइल्ड सीट घ्या. आणि निवड करायची ती मागची सीट बघून.

आंब्याची_डाळ

बाप रे. मागच्या मोठ्या माणसांचं हे माहीतच नव्हतं. नवऱ्याला वाचायला दिलं. सनरूफवर सध्या मौन आहे.

बिनधास्त_आजी

वेताळबाबांना शंभर टक्के अनुमोदन. मी अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. मागे कोण बसणार हे आमच्याकडे ठरलेलंच असतं, तेव्हा मागच्या सीटची तज्ज्ञ मीच.

सूनबाई, सासूबाईंना शोरूमला घेऊन जा. फोटो दाखवून विचारू नका, "छान आहे" एवढंच म्हणतील. त्यांना मागच्या दाराने आत बसवा आणि काही न बोलता बघा. आधी पाय आत जातो की आधी बूड टेकतं? आधी बूड टेकून मग पाय वळवून आत घेता आले तर ती गाडी गुडघेवाल्यांची. डिझायरसारख्या सेडानमध्ये बसताना खाली जावं लागतं, उठताना हातांनी जोर लावावा लागतो. उंच एसयूव्हीत उलट, चढायला पायरी आठवते. मधली उंची बघा. दाराचा उंबरठा जाड असेल तर पाय अडकतो, तेही बघा. वर धरायला हँडल हवंच.

आणि पट्ट्याची खाच. बऱ्याच गाड्यांत मागचं बकल सीटच्या फटीत रुतलेलं असतं. माझ्या बोटांना संधिवात आहे, ते उकरून काढायला जमत नाही, मग कोण लावतंय पट्टा! शेजारी चाइल्ड सीट बसवली की ते बकल आणखीच आत जातं. चाइल्ड सीट लावून, शेजारी सासूबाईंना बसवून, त्यांचं त्यांना बकल लावू द्या. स्वतःचं स्वतः लागलं तरच रोज लागेल.

सातारारोडवासी

आजी _/\_

मागच्या पट्ट्यावरून आठवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला. गाडी मर्सिडीज. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते. बाकी कायदाही आहेच: मागे पट्टा नसेल तरी हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तरी तेवढाच. पुण्यात चौकातला मामा पुढचाच पट्टा बघतो हा भाग वेगळा.

हिशेबनीस

'ऑल इन्क्लुझिव्ह' हा शब्द ऐकला की खुर्चीवरून उठायचं. आकडे फोडून लिहून घ्या, शोरूमच्या लेटरहेडवर, गाडीच्या व्हेरियंटसकट.

एक्स-शोरूममध्ये, म्हणजे नोंदणी आणि विम्याच्या आधीच्या किमतीत, जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के. तुमच्या चारही गाड्या त्यात बसतात. त्यानंतर आरटीओचा एकरकमी कर: पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के, वर थोडा रस्ता सुरक्षा उपकर. आणि दहा लाख ओलांडले की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर.

इथे गंमत बघा. ९ लाख ८० हजारांच्या गाडीला कर १,०७,८००. तीच गाडी एक पायरी वरची घेऊन १० लाख २० हजारांची झाली की कर १,२२,४०० आणि टीसीएस १०,२०० वेगळा. म्हणजे चाळीस हजारांच्या सनरूफसाठी खिशातून जवळपास पासष्ट हजार जातात. टीसीएस रिटर्न भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण त्यासाठी पावती आणि पॅन नीट हवा. सेल्समन हे सांगायला विसरतात.

विमा: नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेतला तरी चालतो. तो शोरूममधूनच घ्यावा अशी कुठलीही सक्ती नाही. बाहेरून कोटेशन आणा, तेच व्हेरियंट, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच अ‍ॅड-ऑन. ते टेबलावर ठेवलं की शोरूमचा विमा आपोआप स्वस्त होतो. "बाहेरचा घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर तसं लेखी मागा. देत नाहीत.

झिरो डेप (दाव्यात सुट्या भागांची घसारा-कपात न करणारं अ‍ॅड-ऑन) घ्याच. सिंहगड रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्टही घ्यावं. २०१९ चा आंबिल ओढा आणि जुलै २०२४ ची एकतानगरी आठवा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायला गेलं की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही.

उरलं 'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक्स', 'इसेन्शियल किट', 'टेफ्लॉन' (रंगावरचं कोटिंग). सरकारी शुल्कात यातलं एकही नाव नाही. हँडलिंग शून्य करा म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढे जो आधी बोलतो तो हरतो.

गियरबदल

हिशेबनीस, तुम्ही माझ्या लग्नाच्या बैठकीला का नव्हता?

टाकी_फुल्ल

एवढं पेट्रोल-पेट्रोल काय करताय? रोज धायरी-बाणेर म्हणजे सीएनजी घ्या. अ‍ॅव्हरेज बघा जरा.

बिनधास्त_आजी

आणि वॉकर कुठे ठेवू, टाकीवर?

टाकी_फुल्ल

आजी, टाटाच्या गाडीत दोन छोट्या टाक्या खाली दडवलेल्या असतात, डिकी बऱ्यापैकी मोकळी राहते. बघून तर या. हां, पंपावरच्या रांगेचं मी काही बोलत नाही.

पेठेतला_एक

माझाही मुद्दा घ्या. सोसायटीत स्टॅक पार्किंग असेल तर गाडीची उंची आणि रुंदी आधी मोजा. आमच्या इमारतीत एकाने ऐटीत मोठी एसयूव्ही आणली, ती वरच्या ट्रेवर जाईना. आता रस्त्यावर उभी असते आणि तो रोज सकाळी तिच्यावरची चिमण्यांची रांगोळी पुसत असतो. बेसमेंटच्या रॅम्पला उंचवटा असेल तर पाच माणसं बसवून उतरवून बघा, रिकामी गाडी काय, कुठेही जाते.

खरेदीची वेळ: पितृपंधरवड्यात जा. त्या पंधरा दिवसांत पुण्यातल्या शोरूममध्ये माशा मारतात. बुकिंग तेव्हा करा, डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. पितर नाराज होत नाहीत, सेल्समन खूश होतो. डिसेंबरातही सूट मिळते, पण गाडीवर त्या सरत्या वर्षाचा शिक्का बसतो. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर काही फरक पडत नाही.

वेताळबाबा

टेस्ट ड्राइव्हबद्दल राहिलंच. शोरूमच्या मागची सपाट गल्ली फिरून येऊ नका. घरची सगळी माणसं बसवा, एसी लावा आणि चांदणी चौकाकडचा चढ घ्या. वरून उतरताना ब्रेकचा अंदाज येतो. खड्ड्यांतून मागे बसून एक फेरी नवऱ्याला करायला लावा. चालवणाऱ्याला सगळ्याच गाड्या आवडतात.

मागे तीन जण बसणार असतील तर रुंदीचा आकडा बघा. ३एक्सओ १८२१ मिमी, कायलॅक १७८३, डिझायर १७३५. कागदावर चार बोटांचा फरक, पण चाइल्ड सीट एका खिडकीशी गेली की उरलेल्या दोघांना तीच चार बोटं लागतात. डिकीत उलटा न्याय: कायलॅक ४४६ लिटर, ३एक्सओ ३६४.

आंब्याची_डाळ

मोठा अपडेट आहे, चहा घेऊन बसा.

शनिवारी सगळी वरात घेऊन निघालो. मैत्रिणीची चाइल्ड सीट उसनी घेतली होती. पहिल्या शोरूममध्ये (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको) मी आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत विचारलं. सेल्समन बिचारा पाच मिनिटं सीटच्या फटीत हात घालून शोधत होता. मग म्हणाला, "मॅडम, लहान मुलं आईच्या मांडीवरच सगळ्यात सेफ." सासरे आयुष्यभर एसटीत मेकॅनिक होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, त्याला बाजूला केलं आणि हुक शोधून दिले. वर त्याला विचारलं, "तू स्वतः बसतोस का रे मागे कधी?"

आयसोफिक्स चारही गाड्यांत खिडकीजवळच्या सीटनाच आहे, त्यामुळे लेक खिडकीत हे ठरलं. आम्हाला वाटलं होतं मागे सासू-सासरे आणि लेक. प्रत्यक्षात सासऱ्यांना मधे बसवलं तर पाय कुठे ठेवायचे तेच कळेना, मधे बोगद्याचा उंचवटा. शेवटी मांडणी अशी लागली: नवरा चालवणार, सासरे पुढे, लेक डाव्या खिडकीत, सासूबाई उजव्या खिडकीत आणि मधे मी. म्हणजे मधल्या सीटची गिऱ्हाईक मीच! मग मात्र मी नीट बघायला लागले. मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोक्याला टेकायला हेडरेस्ट आहे का, ते वर ओढल्यावर लॉक होतं का. एका गाडीचं नवं व्हेरियंट फारच आवडलं होतं, तिथे मधे मान टेकायला काही नव्हतंच. रद्द.

आजी, तुमची बकलची परीक्षा घेतली. डिझायरमध्ये सासूबाई बसताना "आई गं" म्हणाल्या, तिचा तिथेच निकाल लागला. कायलॅकमध्ये त्या आरामात बसल्या, पण चाइल्ड सीट लावल्यावर बकल माझ्या आणि त्यांच्या मधे गडप. ३एक्सओमध्ये तिघींचं जमलं. सासूबाईंनी स्वतः पट्टा लावला, काढला, परत लावला आणि म्हणाल्या, "ही घ्या." नवऱ्याने रंग विचारला तर म्हणाल्या, "तो तुम्ही ठरवा." डिकी लहान आहे हे खरं, कराडहून येताना गहू-तांदळाची पोती दोनऐवजी एक येईल.

बिनधास्त_आजी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

हिशेबनीस

आणि कोटेशन?

आंब्याची_डाळ

हो हो. पहिल्या कागदात हँडलिंग, किट आणि विमा मिळून डोळे पांढरे. मी म्हटलं, हँडलिंगचं बिल वेगळं, जीएसटी नंबरसकट द्या, घरी भावाला दाखवते. तो उठून आत गेला, मॅनेजर बाहेर आला आणि हँडलिंग "फेस्टिव्हल ऑफर" म्हणून गेलं. (कुठला फेस्टिव्हल ते विचारलं नाही.) बाहेरचं विम्याचं कोटेशन दाखवल्यावर त्यांनीच त्याच अटींवर त्याहून थोडं कमी केलं, म्हणून तिथूनच घेतला. मॅट आणि मडफ्लॅप तेवढे फुकट. टेफ्लॉनला नाही म्हटलं. मधलं व्हेरियंट, सनरूफ नाही, दहा लाखांच्या आत. नवरा दोन तास बोलला नाही, मग चाइल्ड सीटचे रिव्ह्यू बघत बसला.

वेताळबाबा

अभिनंदन! एक काम राहिलंय. पासिंग व्हायच्या आधी गाडी बघा, शोरूमच्या यार्डात जाऊन, दिवसाउजेडी. एकदा तुमच्या नावावर नोंद झाली की ओरखडा असो की डेंट, ती तुमची गाडी. चासीस नंबर स्वतः वाचा आणि फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) वरच्या नंबराशी ताडून बघा, त्यावर उत्पादनाचा महिना-वर्षही असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायर आणि स्टेपनी बघा. किमीचा आकडा बघा. रंग बघताना दारांच्या कडा आणि बंपरचे कोपरे, कारण वाहतुकीत मार तिथेच बसतो. काही खटकलं तर तीच गाडी पॉलिश करून नको, दुसरा चासीस नंबर द्या म्हणा, बुकिंगच्या मेलवर लेखी.

सातारारोडवासी

अरे, पण पूजा कुठे? सारसबाग की चतुःशृंगी?

पेठेतला_एक

सारसबाग. चतुःशृंगीला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत पहिली सर्व्हिसिंग येते.

आंब्याची_डाळ

सारसबागच. :) शेवटचा प्रश्न: जुनी हॅचबॅक शोरूमला एक्सचेंजमध्ये देऊ की बाहेर विकू? शोरूमवाला फारच कमी देतोय.

हिशेबनीस

बाहेर दोन-तीन ठिकाणी किंमत काढा. एक्सचेंज बोनस मिळत असेल तर तो शोरूमच्या किमतीत मिळवून मग तुलना करा, कधी कधी शोरूमच जिंकतं. कुणालाही द्या, पण नाव बदलेपर्यंत पिच्छा सोडू नका. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे फॉर्म) वर सह्या, घेणाऱ्याच्या आधारची प्रत, गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद, आणि नंतर परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा. तोवर ती गाडी कुठे ठोकली तर नोटीस धायरीलाच येते. जुन्या गाडीवर कर्ज होतं ना? बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा, नाहीतर घेणारा त्याच नावाखाली दहा हजार कापेल.

आंब्याची_डाळ

कर्ज कधीच फिटलंय, एनओसी मात्र शोधावी लागेल. सासऱ्यांच्या कपाटात असेल, त्यांच्याकडे ५०० रुपयांच्या मिक्सरचीही पावती असते.

पेठेतला_एक

सासऱ्यांना इथे आयडी काढून द्या, माझी गाडी निवडायची आहे.